‘हात भरून काम’: स्लोव्हेनियन भाषेत ‘मी कामात आहे’ कसं म्हणायचं

उन्हाळ्यात स्लोव्हेनियात वादळ झालं, गारा पडल्या, झाडं उन्मळली की दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येतं: ‘गासिउत्सी सो इमेली पोउने रोके देला.’ म्हणजे अग्निशामकांचे हात कामाने भरले होते. गासिउत्सी म्हणजे अग्निशामक, आणि तिथे ते बहुतेक गावातलेच स्वयंसेवक असतात. १८६९ मध्ये मेत्लिका या गावात स्लोव्हेनियातलं पहिलं स्वयंसेवी अग्निशमन पथक उभं राहिलं, आणि आज गावोगावी अशी पथकं आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे मोठा पूर आला, तेव्हा यांचे हात किती भरले असतील ते वेगळं सांगायला नको.

हाच वाक्प्रचार बँकेतला कारकून वापरतो, परीक्षेला बसलेला विद्यार्थी वापरतो आणि दोन लहान मुलांची आईही वापरते. नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने तुम्ही ल्यूब्ल्याना किंवा मारिबोरला पोचणार असाल, तर शंभर सुटे शब्द पाठ करण्याआधी हे एक वाक्य नीट पचवा, असा माझा आग्रह आहे. स्लोव्हेनियन व्याकरणातल्या निम्म्या डोकेदुखी या तीन शब्दांत भेटतात, आणि त्यातल्या काही मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा बऱ्याच सोप्या जातात.

पायरी १: आधी तोंडात बसवा

पूर्ण वाक्य असं: ‘इमाम पोउने रोके देला.’

‘इमाम’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’. उच्चार मशिदीतल्या इमामासारखाच, जोर ‘मा’वर. पुढच्या तिन्ही शब्दांत जोर पहिल्या अक्षरावर येतो: पो, रो, दे.

पहिली खोच ‘पोउने’त आहे. रोमन लिपीत हा शब्द लिहिताना ‘ओ’नंतर ‘एल’ हे अक्षर येतं, म्हणून नवखा माणूस ‘पोल्ने’ वाचतो. पण व्यंजनाआधी किंवा शब्दाच्या शेवटी आलेला हा ‘ल’ पुष्कळदा ‘उ’ होतो. लांडग्याला ‘वोउक’ म्हणतात, लिहिताना मात्र त्यात ‘ल’ असतो. ‘होता’ हे ‘बिउ’ असं उच्चारतात. ‘देला’मधला ल दोन स्वरांच्या मध्ये आहे, म्हणून तो ‘ल’च राहतो.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. स्लोव्हेनियन त आणि द हे दातांना जीभ लावून म्हणायचे, अगदी आपल्या ‘ताट’ आणि ‘दार’सारखे. रोमन ‘डी’ दिसला की आपली जीभ इंग्रजीच्या सवयीने ‘ड’कडे वळते. तेवढं आवरा, ‘डेला’ म्हणू नका, ‘देला’ म्हणा. तसंच त्यांचा ‘सी’ म्हणजे आपल्या ‘चमचा’मधला पहिला च, आणि ज्या ‘सी’वर छोटी खूण असते तो ‘चिंच’मधला च. त्या खुणेला ते ‘स्त्रेशित्सा’, म्हणजे छोटं छप्पर, म्हणतात. हा फरक आपण लहानपणापासून न शिकवता करतो.

‘झ’बद्दल मात्र एक सूचना. या लेखात मी तो दोन ध्वनींसाठी वापरला आहे. ‘झेब्रा’तला झ आणि ‘टेलिव्हिजन’ म्हणताना जो मऊ ज येतो तो. झाल, मोझेम, स्लुझबि, गुझ्वा, दर्झी, क्रिझेम या शब्दांत दुसरा समजावा. बाकी ठिकाणी पहिला.

पायरी २: शब्द सुटे करून बघा

पोउने म्हणजे भरलेले. हा शब्द आणि संस्कृत ‘पूर्ण’ एकाच मुळातून आले आहेत. रोके म्हणजे हात, अनेकवचनी. एक हात असेल तर ‘रोका’, आणि हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपला हात पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून विशेषणही त्याप्रमाणे बदलतं. ‘मोठा, मोठी, मोठे’ करणाऱ्या माणसाला यात नवल वाटू नये.

उरलेला शब्द देला. काम म्हणजे ‘देलो’ (या नावाचं दैनिक ल्यूब्ल्यानात १९५९ पासून निघतं). मग इथे ‘देला’ का? कारण इथे षष्ठी आहे: कामाचे हात भरलेले. स्लोव्हेनियन भाषेत परिमाण सांगितलं की मागोमाग येणारी वस्तू षष्ठीत जाते. ‘वेलिको देला’ म्हणजे पुष्कळ काम. ‘मालो चासा’ म्हणजे थोडा वेळ. ‘कोझारेत्स वोदे’ म्हणजे पेलाभर पाणी. आपण ‘पेलाभर पाणी’ म्हणताना पाण्याला प्रत्यय लावत नाही, त्यामुळे मराठी डोकं ‘पोउने रोके देलो’ असं बोलून मोकळं होतं. समोरच्याला कळेल, पण कानाला खटकेल.

जाता जाता: रविवारला ते ‘नेदेल्या’ म्हणतात. ‘ने’ म्हणजे नाही, पुढे ‘देलाती’, काम करणं. काम न करण्याचा वार. सोमवार ‘पोनेदेल्येक’, म्हणजे त्या न-काम वारानंतरचा.

पायरी ३: हात कोणाचे?

मराठीत ‘असणे’ वापरून आपण ‘मला काम आहे’ म्हणतो. स्लोव्हेनियनमध्ये ‘जवळ असणे’ यासाठी वेगळं क्रियापद आहे, ‘इमेती’. ते कर्त्याप्रमाणे चालतं:

एकवचन: इमाम (मी), इमाश (तू), इमा (तो किंवा ती)
द्विवचन: इमावा (आम्ही दोघं), इमाता (तुम्ही दोघं), इमाता (ते दोघं)
अनेकवचन: इमामो (आम्ही), इमाते (तुम्ही), इमायो (ते)

मधली ओळ बघून शाळेतलं संस्कृत आठवलं असेल. जे द्विवचन बहुतेक युरोपीय भाषांतून गळून गेलं, ते स्लोव्हेनियनने रोजच्या बोलण्यात जिवंत ठेवलं आहे. दोन मित्र कॉफीला निघाले की ‘ग्रेवा’. तिसरा आला की ‘ग्रेमो’. आम्ही नवराबायको कामात आहोत हे ते असं सांगतात: ‘झ मोझेम इमावा पोउने रोके देला.’ शब्दशः ‘नवऱ्यासोबत आम्हां दोघांकडे…’. त्यात ‘मी आणि’ कुठेच नाही. एक व्यक्ती क्रियापदातच लपली आहे, आणि दुसरी ‘सोबत’ने आली.

आता गंमत. द्विवचन शिकलेला हुशार विद्यार्थी इथेच फसतो. त्याला वाटतं, माणसाला हात दोनच, मग ‘रोके’ हे अनेकवचन कसं? द्विवचन ‘रोकी’ हवं! तो ‘पोउनी रोकी देला’ म्हणतो आणि ऐकणारा गालात हसतो. संस्कृतात ‘हस्तौ’च म्हणतील, पण स्लोव्हेनियनमध्ये जे अवयव निसर्गतःच जोडीने येतात, हात, पाय, डोळे, ते साध्या बोलण्यात अनेकवचनातच राहतात. ‘दोन’ किंवा ‘दोन्ही’ हा शब्द मुद्दाम उच्चारला तरच द्विवचन येतं. याचा पुरावा शेजारच्याच वाक्प्रचारात आहे: धांदरट माणसाला ते ‘इमा द्वे लेवी रोकी’ म्हणतात, त्याला दोन डावे हात आहेत. तिथे ‘द्वे’ आहे, म्हणून ‘रोकी’. आपल्या वाक्यात आकडा नाही, म्हणून ‘रोके’. ही दोन वाक्यं जोडीने पाठ करा. नियम वेगळा पाठ करावा लागणार नाही.

आणखी एक सवय मोडावी लागेल. ‘साहेब कामात आहेत’ असं आपण आदरार्थी अनेकवचन करतो. तिथे पाठीमागे बोलताना साहेब एकवचनीच: ‘शेफ इमा पोउने रोके देला.’ (शेफ म्हणजे साहेब. स्वयंपाक्याला ‘कुहार’ म्हणतात.) आदर दाखवायचा तो समोरासमोर, आणि त्यासाठी ‘इमाते’ हे रूप आहे.

पायरी ४: काल आणि उद्या

भूतकाळात पुरुष म्हणतो, ‘इमेउ सेम पोउने रोके देला’. बाई म्हणते, ‘इमेला सेम…’. बोलणाऱ्याप्रमाणे लिंग बदलतं हे आपल्याला नवीन नाही, ‘आलो’ आणि ‘आले’ आपण करतोच. पण ‘मी पोळी खाल्ली’मध्ये आपलं क्रियापद पोळीच्या मागे जातं, तसं इथे होत नाही. हात स्त्रीलिंगी अनेकवचनी असले तरी क्रियापद बोलणाऱ्याशीच जुळतं.

द्विवचनात जरा जपून. दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि एक स्त्री, ‘इमेला स्वा’ म्हणतात. दोन बायका ‘इमेली स्वा’ म्हणतात. म्हणजे ‘इमेला’ हे रूप एका बाईचंही आणि दोन पुरुषांचंही. फरक पुढच्या ‘सेम’ किंवा ‘स्वा’वरून कळतो, म्हणून ते छोटे शब्द गिळू नका.

या छोट्या शब्दांची जागा ठरलेली आहे: वाक्यात दुसरी. ‘काल’ने सुरुवात केली तर ‘उचेराय सेम इमेउ पोउने रोके देला.’ ‘उद्या’साठी ‘युत्री बोम इमेला पोउने रोके देला.’ क्रियापदाने सुरुवात केली तर ‘इमेला बोम…’. सेम, बोम, सो, स्वा, स्मो यांनी विधानाची सुरुवात करायची नाही. बोलताना लोक कधी करतात, पण ईमेलमध्ये ते बरं दिसत नाही. मराठीत क्रियापद शेवटी ढकलायची आपली सवय इथे आडवी येते. सुरुवातीला ‘उचेराय’, ‘युत्री’ आणि ‘ता तेदेन’ (या आठवड्यात) या तीन शब्दांनीच वाक्यं सुरू करून सराव करा.

पायरी ५: कशाने भरलेत हात?

नुसतं ‘कामात आहे’ म्हटलं की ते थोडं टाळल्यासारखं वाटतं. कारण जोडलं की वाक्य माणसात येतं. त्यासाठी ‘स’ किंवा ‘झ’ आणि पुढे तृतीया:

‘झ ओत्रोकी इमाम पोउने रोके देला’: मुलांमुळे.
‘झ इझपिती…’: परीक्षांमुळे.
‘स सेलित्वियो…’: घर बदलण्यामुळे.
‘स तर्गात्वियो…’: द्राक्षतोडणीमुळे.

शेवटचं सप्टेंबरात ऐकू येईल. तेव्हा द्राक्षमळ्यांत अख्खी कुटुंबं, पाहुणे आणि शेजारी तोडणीला जमतात. पुढे ११ नोव्हेंबरला मार्तिनोवो येतो, म्हणजे द्राक्षरसाची वाइन झाली असं मानण्याचा सण.

‘स’ कधी आणि ‘झ’ कधी? पुढचा ध्वनी अघोष व्यंजन असेल तर ‘स’, नाहीतर ‘झ’. त्यांच्या शाळांत यासाठी एक वाक्य घोकवतात: ‘ता सुही श्काफेत्स पुश्चा’, ही सुकलेली बादली गळते. या वाक्यातल्या सगळ्या व्यंजनांआधी ‘स’ येतो. अघोष व्यंजनं म्हणजे प्रत्येक वर्गातली पहिली जोडी, आणि श, स (त्यांचा ‘ह’ही यातच धरा). हे आपल्याला वर्णमालेतच माहीत असतं. तरी ही बादली लक्षात ठेवा, ती म्हटली की स्लोव्हेनियन माणूस खुलतो.

पायरी ६: नकार द्यायला वापरा

या वाक्याचा खरा उपयोग आमंत्रण टाळताना होतो. सहकाऱ्याने विचारलं, ‘ग्रेवा ना कावो?’ (दोघं कॉफीला जाऊ या?) तर म्हणा: ‘झाल ने मोरेम, इमाम पोउने रोके देला. मोगोचे उ पेतेक?’ माफ कर, जमणार नाही, खूप काम आहे. शुक्रवारी चालेल का? शेवटचा प्रश्न सोडू नका. तो नसेल तर दार लावून घेतल्यासारखं वाटतं.

सूर तटस्थ आहे, त्यामुळे साहेबांना पाठवायच्या ईमेलमध्येही वाक्य चालतं. त्याहून औपचारिक हवं असेल तर ‘त्रेनुत्नो सेम झेलो झासेदेन’ (बाई असेल तर ‘झासेदेना’). त्याच्या जवळपासचा ‘झापोस्लेन’ हा शब्द जपून वापरा. त्याचे अर्थ दोन, कामात असलेला आणि नोकरीत असलेला. ‘सेम झापोस्लेन’ एवढंच म्हटलंत तर लोक तुमच्या नोकरीबद्दल अभिनंदन करायचे.

वयस्कर शेजारीण, दुकानदार, डॉक्टर यांच्याशी अनेकवचन वापरायचं, आपल्या ‘तुम्ही’सारखं. तिथे एक वेगळी रीत आहे. समोर एकच बाई असली तरी भूतकाळी रूप पुल्लिंगी अनेकवचनी घ्यायचं: ‘गोस्पा, स्ते इमेली वेलिको देला?’ प्रश्नात ‘स्ते’ पुढे आला तरी चालतो.

आणि रिकामे असाल तर? हा वाक्प्रचार नकारात फिरवू नका. ‘दानेस इमाम चास’ (आज वेळ आहे) किंवा ‘दानेस सेम प्रोस्त’ (बाई म्हणेल ‘प्रोस्ता’) म्हणा. वेळ नसेल तर ‘निमाम चासा’: नकार आला की कर्म षष्ठीत जातं, म्हणून ‘चास’चा ‘चासा’ झाला.

पायरी ७: शेजारचे वाक्प्रचार, आणि त्यातले खड्डे

कामाचा भार आणखी वाढला की ‘देला इमाम चेझ ग्लावो’, काम डोक्यावरून. यात थोडी तक्रार आहे. मराठीत ‘डोक्यावरून गेलं’ म्हणजे समजलंच नाही, म्हणून मनातल्या मनात भाषांतर करायला गेलात तर घोळ होईल. मराठीत याच्या जवळ जाणारं म्हणजे ‘कामात आकंठ बुडालोय’.

त्याहून पुढची पायरी: ‘ने वेम, क्ये से मे ग्लावा दर्झी’, माझं डोकं कुठे जोडलंय तेच कळेना. मान वर करायला फुरसत नाही, असं आपण म्हणतो ते हेच. मित्रमंडळींत बोला, साहेबांना लिहू नका. मला हा वाक्प्रचार सगळ्यांत जास्त आवडतो, कारण तो म्हणताना माणूस खरंच भांबावल्यासारखा दिसतो.

घाई असेल तर ‘मुदी से मि’. ‘मला घाई आहे’ची रचना जशीच्या तशी: घाई होते, आणि ती ‘मला’. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात, आपण सरळ चालत जातो.

ऑफिसात धावपळ असेल तर ‘उ स्लुझबि ये गुझ्वा’ ऐकाल. गुझ्वा बोलीतला शब्द. लिहिताना ‘ग्नेचा’ बरा.

हातांच्या वाक्प्रचारांत एक मोठा खड्डा आहे. ‘इमाम प्रोस्ते रोके’ याचा अर्थ ‘माझे हात रिकामे आहेत, काम द्या’ असा होत नाही. त्याचा अर्थ मला पूर्ण मोकळीक आहे, हवं ते ठरवू शकतो. नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी साहेबांना हे ऐकवलंत तर ते चमकतील. काही न करता बसण्याला ‘सेदेती क्रिझेम रोक’, हाताची घडी घालून बसणं. आणि कोणाच्या घरी ‘प्राझनिह रोक’, रिकाम्या हाताने, जाऊ नये, हे तिथेही पाळतात.

पायरी ८: स्वतः पडताळा

शंका आली तर ‘फ्रान’ हे मोफत संकेतस्थळ उघडा. ल्यूब्ल्यानातल्या फ्रान रामोव्श भाषासंस्थेने ते २०१४ मध्ये सुरू केलं. तिथे १९७० ते १९९१ या काळात पाच खंडांत निघालेला मोठा प्रमाण कोश आहे, आणि यानेझ केबर यांचा २०११ चा वाक्प्रचार कोशही. ‘रोका’ शोधलं की हातांचे वाक्प्रचार लांबलचक रांगेत उभे राहतात. सगळे वाचू नका, दम लागेल. आजच्यापुरते दोन घ्या.

कोशात अर्थ मिळतो, पण लोक कसं बोलतात ते ‘गिगाफिदा’ या भाषासंग्रहात दिसतं. त्यात शंभर कोटींहून जास्त शब्दांचा मजकूर आहे. वाक्प्रचार टाका आणि डावीउजवीकडे कोणते शब्द येतात ते बघा. बातम्यांतले अग्निशामक आणि पोलीस पुन्हापुन्हा भेटतील. त्यातली पाच वाक्यं वहीत उतरवा आणि कर्ता बदलून पुन्हा लिहा: मी, आम्ही दोघं, आम्ही सगळे.

मुळापासून शिकायचं असेल तर ल्यूब्ल्याना विद्यापीठाच्या परभाषिकांसाठीच्या स्लोव्हेनियन केंद्राने ‘स्लोनलाइन’ नावाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम केला आहे.

पायरी ९: दुसऱ्याने म्हटलं तर

हे कोणी शिकवत नाही, आणि गरज मात्र पहिल्याच आठवड्यात पडते. समोरच्याने ‘इमाम पोउने रोके देला’ म्हटलं की ‘अरे, पाचच मिनिटं!’ हा आपला हट्ट करायचा नाही. तिथे तो नकारच असतो, आणि तो पहिल्यांदाच ऐकायचा. म्हणा: ‘पोतेम ते ने बोम मोतिउ’, मग तुला त्रास देत नाही, बाई ‘मोतिला’ म्हणेल, आणि वयस्कर माणसाशी ‘ते’च्या जागी ‘वास’. मदत करायची मनापासून तयारी असेल तर ‘ति लाह्को पोमागाम?’ विचारा. पण तयारी असेल तरच, कारण तर्गातेउच्या, म्हणजे द्राक्षतोडणीच्या, दिवसांत ‘हो’ म्हणतील आणि हातात कात्री देतील. नसेल तर ‘पा द्रुगिच’, बरं, पुढच्या वेळी, एवढं म्हणून निघायचं.